कोलोन आणि ड्युसेलडॉर्फच्या भांडणाविषयी, आई-बाबांना

कोलोन,
रविवार, २२ फेब्रुवारी

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मी येथे खुशाल आहे. थंडी, जेवणखाण आणि ऑफिस यांविषयी फोनवर बोलणे होतेच, म्हणून ते पुन्हा लिहीत नाही. हे पत्र लिहायला बसले ते बाबांच्या एका प्रश्नासाठी. तो त्यांनी फोनवर वारंवार विचारला, आणि दर वेळी मध्येच कोणीतरी बोलू लागल्यामुळे त्याचे उत्तर राहून गेले. मुकुंदकाकांनी घरच्या ग्रुपवर टाकलेल्या चित्रफितीत ‘जर्मनीतील दोन शहरांचे सातशे वर्षांचे वैर’ असा मथळा होता. त्यातल्या एका शहरात, कोलोनला, मी राहते आणि दुसऱ्या, ड्युसेलडॉर्फला, नोकरी करते, तेव्हा हे वैर खरे का आणि त्यात मला काही धोका तर नाही ना, असे बाबांनी विचारणे स्वाभाविक आहे.

म्हणून आधी निक्षून सांगते की येथे कोणी कोणाच्या अंगावर धावून जात नाही. चित्रफितीत जो आरडाओरडा दिसतो तो कार्निव्हलचा आहे. कार्निव्हल म्हणजे उपवासाचा काळ सुरू होण्याआधीचा धुमाकूळ; तो परवाच्या बुधवारी संपला. मिरवणुकीत कोलोनचे लोक ‘आलाफ’ असा पुकारा करतात आणि ड्युसेलडॉर्फचे ‘हेलाऊ’ असा. कोलोनच्या रस्त्यावर उभे राहून कोणी ‘हेलाऊ’ म्हटले की सारा रस्ता त्याची हुर्यो उडवतो, आणि काकांच्या चित्रफितीत नेमके तेवढेच आहे. त्यानंतर त्याच माणसाच्या पिशवीत मिरवणुकीच्या गाड्यांवरून उधळलेल्या गोळ्या-चॉकलेटे पडतात, तो भाग कोणी चित्रित केलेला नाही.

आता सातशे वर्षांविषयी. बाबांना इतिहासाची आवड आहे म्हणून हे थोडे सविस्तर लिहिते. दोन्ही शहरे ऱ्हाइन नदीच्या काठी, एकमेकांपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर आहेत. कोलोन रोमन काळापासूनचे आहे. इसवी सन ५० मध्ये त्याला रोमन वसाहतीचा दर्जा मिळाला. ड्युसेलडॉर्फ त्या मानाने कालचे पोर. ५ जून १२८८ रोजी वोरिंगेन येथे मोठी लढाई झाली. त्यात ड्युसेलडॉर्फ ज्याच्या मुलखात होते तो बेर्गचा काउंट, म्हणजे सरदार, आडोल्फ आणि त्याच्या मित्रपक्षांनी कोलोनच्या आर्चबिशपाचा, म्हणजे तेथे सत्ता असलेल्या ख्रिस्ती धर्मप्रमुखाचा, पराभव करून त्याला कैद केले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये काउंटने ड्युसेलडॉर्फला शहराचे हक्क दिले. वैराची सुरुवात येथून झाली असे सर्रास सांगतात. मात्र त्या लढाईत कोलोनचे नागरिक आपल्याच आर्चबिशपाविरुद्ध, म्हणजे काउंटच्या बाजूने लढले होते. आर्चबिशप हरला म्हणून कोलोन त्याच्या सत्तेतून सुटले, आणि आर्चबिशप हरला म्हणूनच ड्युसेलडॉर्फ शहर झाले. एकाच दिवशी, एकाच बाजूने लढून दोघांचेही भले झाले, आणि त्या दिवसाला दोघेही वैराचा आरंभ म्हणतात. हे मी ऑफिसात बोलून दाखवले, तेव्हा दोन्ही शहरांचे सहकारी प्रथमच एकमताने माझ्यावर नाराज झाले.

वोरिंगेन आज कोलोनच्या हद्दीतच आहे. रुळांचे काम चालू असले की मला नेहमीची जलद गाडी सोडून एस-११ या लोकलने जावे लागते, आणि ती तेथे थांबते. फलाटावर एखादी आजी भाजीची पिशवी घेऊन उभी असते, शाळेची मुले चढतात. सातशे वर्षांच्या वैराचे रणांगण सध्या एवढेच उरले आहे.

खरी ठसठस मला विचाराल तर अलीकडची आहे. दुसऱ्या महायुद्धात कोलोन बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झाले होते. १९४६ मध्ये ब्रिटिशांनी नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया हे नवे राज्य स्थापन केले आणि त्याची राजधानी ड्युसेलडॉर्फला नेली. कोलोनची लोकसंख्या आज दहा लाखांवर आहे आणि ड्युसेलडॉर्फची सहा लाखांच्या थोडी पुढे. मोठे शहर, जुने शहर, कॅथेड्रलचे शहर मागे राहिले आणि विधिमंडळ, मंत्रालये, बँका व उंची दुकाने धाकट्याकडे गेली. आमच्या कार्यालयातले एक ज्येष्ठ सहकारी कोलोनहून रोज ड्युसेलडॉर्फला कामाला येतात, पगार तेथलाच घेतात, आणि तरीही त्या शहराचे नाव तोंडातून काढत नाहीत; ‘निषिद्ध नगरी’ असे म्हणतात. त्यावर ड्युसेलडॉर्फचे लोक आपला ऱ्हाइन टॉवर दाखवतात. तो २४० मीटर उंच आहे आणि कोलोनचे कॅथेड्रल १५७ मीटर. मग हे सहकारी कोलोनच्या दूरसंचार मनोऱ्याचा दाखला देतात, जो आणखी उंच आहे, पण ज्यावर सामान्य माणसाला वर्षानुवर्षे चढू दिलेले नाही. कॅथेड्रलचे बांधकाम १२४८ मध्ये सुरू होऊन १८८० मध्ये पूर्ण झाले, तेव्हा कामाच्या गतीविषयी कोलोनवाल्यांनी बोलू नये, हे ड्युसेलडॉर्फचे शेवटचे अस्त्र.

येथवर सर्व समजण्यासारखे आहे. जे मला अजूनही पुरते उमगलेले नाही ते या लोकांचे बिअरचे प्रकरण. आई, पुढचा मजकूर वाचताना कृपया हे ध्यानात ठेव की ऑफिसचे लोक संध्याकाळी जेवायला जातात तेव्हा मी जाते, कारण न गेल्यास माणूसघाणेपणा दिसतो, आणि तेथे मी सफरचंदाचा रस सोडा घालून घेते. त्याला येथे ‘आप्फेलशोर्ले’ म्हणतात आणि तो पौष्टिक असतो.

कोलोनची बिअर ‘क्योल्श’. ती फिकट सोनेरी असते, आणि ती कोठे बनवायची याविषयी १९८६ मध्ये तेथील उत्पादकांनी करार केला आहे, त्यामुळे कोलोन आणि त्याच्या लगतचा परिसर सोडून बाहेरच्या कोणालाही हे नाव लावता येत नाही. ड्युसेलडॉर्फची ‘आल्ट’, रंगाने तांबूस तपकिरी. क्योल्श हलकी असते आणि आल्ट किंचित कडसर, भाजलेल्या धान्याच्या चवीची आणि शेवटी जिभेवर थोडी रेंगाळणारी असते, असे सहकारी सांगतात. जुन्या बिअरगृहात वाढप्याला ‘क्योबेस’ म्हणतात. त्याच्या कमरेला लांब निळा एप्रन असतो आणि हातात गोल तबक, ज्यात पाव लिटरपेक्षाही लहान, उंच, सडपातळ ग्लास खाचांमध्ये अडकवलेले असतात. आपण बसलो की तो न विचारता एक ग्लास पुठ्ठ्याच्या चकतीवर ठेवतो आणि चकतीच्या कडेला पेन्सिलीने एक रेघ मारतो. ग्लास रिकामा झाला की, पुन्हा न विचारता, दुसरा ठेवतो आणि दुसरी रेघ मारतो. ‘पुरे’ असे तोंडाने सांगण्याची पद्धत नाही. सांगितले तर त्याला ऐकू येत नाही. ती चकती उचलून ग्लासाच्या तोंडावर झाकणासारखी ठेवावी लागते. झाकण दिसले की तो रेघा मोजतो, आकडा सांगतो आणि पैसे घेतो. जो चकती ठेवायला विसरतो त्याच्यापुढे ग्लास येतच राहतात, आणि त्याबद्दल तक्रार करणाऱ्याला सहानुभूती मिळत नाही. क्योबेस मुद्दाम तिरसट बोलतो, ते त्याच्या कामातच धरलेले आहे. कोणी साधे पाणी मागितले की तो साबण आणि टॉवेलही आणू का, असे विचारतो. मी आप्फेलशोर्ले मागितल्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती आपल्या आत्याबाईंची नजर होती.

कोलोनमध्ये बसून आल्ट मागणे, किंवा ड्युसेलडॉर्फमध्ये क्योल्श मागणे, हे या सर्वांत मोठे पाप. तसे करणाऱ्याला गिऱ्हाईक म्हणून नव्हे तर चुकलेले मूल म्हणून वागवतात. आणि बाबा, मौज अशी की दोन्ही बिअर एकाच पद्धतीच्या आहेत. बाकी जर्मनीत बहुतेक बिअर थंड तापमानात, तळाशी बसणाऱ्या यीस्टने आंबवतात. या दोन्ही मात्र जुन्या रीतीप्रमाणे थोड्या उबेत, वर येणाऱ्या यीस्टने आंबवतात. रंगाचा फरक माल्ट, म्हणजे मोड आणून सुकवलेले धान्य, किती भाजायचे एवढ्यावर आहे. ग्लास दोन्हीकडे लहान, वाढप्याला दोन्हीकडे क्योबेस म्हणतात, रेघा दोन्हीकडे मारतात. ज्यांचे इतके जुळते ते एवढ्याशा फरकावर किती जीव लावतात, हे पाहून मला आईच्या कोल्हापूरच्या आणि बाबांच्या सांगलीच्या मंडळींची आठवण येते. एकमेकांच्या पंगतीला नावे ठेवल्याशिवाय आपल्याकडे एकही लग्न पार पडलेले नाही, आणि तरी दोन्हींकडचे एकमेकांच्या घरात मुली देतच राहिले.

फुटबॉलमुळे मारामारी होते का, हेही बाबांनी विचारले होते. कोलोनचा फुटबॉलमधला खरा राग शेजारच्या म्योन्शनग्लाडबाखवर आहे. ड्युसेलडॉर्फच्या वाट्याला तो कमी येतो. बर्फावरच्या हॉकीत मात्र २०२५ पर्यंत या दोघांचा सामना असला की गाडीत दोन रंगांचे मफलर दिसायचे. अशा संध्याकाळी मी डब्यात शांतपणे पुस्तक वाचत बसायची आणि कोणी काही बोलत नसे. रात्रीचा प्रवास सुरक्षित आहे, स्थानकापासून घर जवळ आहे आणि रस्त्यावर उजेड असतो. हे मी पूर्वीही सांगितले आहे.

ऑफिस तिकडे असताना घर इकडे का, हा आईचा प्रश्न. भाडे दोन्हीकडे सारखेच जड आहे. प्रवासाचा खर्च म्हणाल तर पूर्वी तो खरोखर कटकटीचा होता, कारण दोन्ही शहरांची भाड्याची मंडळे वेगळी आणि त्यांची सीमा मधोमध येते. २०२३ पासून साऱ्या देशातील लोकल आणि प्रादेशिक गाड्यांना चालणारा एकच मासिक पास निघाला. तो ४९ युरोंना सुरू झाला आणि आता महागला आहे, तरी मला परवडतो. ड्युसेलडॉर्फ नीटनेटके आहे. तेथे जपानी लोकांची मोठी वस्ती असल्यामुळे इमरमान रस्त्यावर बऱ्यापैकी चिकट तांदूळ मिळतो, जो आपल्या मऊ भाताच्या जवळ जातो. पण कोलोनमध्ये जिन्यात भेटलेला माणूसही दोन वाक्ये बोलून पुढे जातो, आणि घरी परतल्यावर कोणी दोन वाक्ये बोलणे मला हवे असते. यावरून मी एकटी पडले आहे असा अर्थ आईने काढू नये.

आता राहिलेल्या गोष्टी. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठीचे पैसे गुरुवारी पाठवले आहेत. बाबांनी पासबुक भरून आणून रक्कम तपासावी आणि पावसाआधी काम उरकून घ्यावे, मागच्यासारखे ‘पुढच्या वर्षी पाहू’ असे करू नये. मोतीबिंदूचे बिल किती झाले ते निखिल मला सांगत नाही, त्याला सांगायला लावावे. तो रात्री उठून बाबांच्या डोळ्यांत थेंब घालत होता हे ऐकून बरे वाटले. मला ते इतके नेमाने जमले नसते असे आई हसत म्हणाली, ते खरेही असेल. गणपतीला येण्याचे नक्की धरते आहे आणि तिकिटाचे दर रोज पाहते. मागच्या वर्षीही असेच लिहिले होते हे मला ठाऊक आहे, पण या वेळी रजेचा अर्ज आधीच दिलेला आहे.

मिरजेच्या काकूंनी सुचवलेल्या मुलाला भेटले. तो ड्युसेलडॉर्फला राहतो, हे तुम्ही गुण म्हणून सांगितले होते. आम्ही चहा घेतला आणि नदीकाठी बुर्गप्लाट्झवर फिरलो. तेथे ड्युसेलडॉर्फच्या सातशे वर्षांनिमित्त उभारलेले वोरिंगेनच्या लढाईचे शिल्प आहे. ते त्याने मला इतक्या अभिमानाने दाखवले की हा मुलगा मिरजेचा आहे हे क्षणभर विसरायला झाले. कोलोनचे नागरिक कोणत्या बाजूने लढले हे त्याला माहीत नव्हते; मी सांगितले, आणि त्याने ते शांतपणे ऐकून घेतले, ही गोष्ट मला आवडली. स्वभावाने सरळ वाटला. तो कोलोनला यायला तयार नाही आणि मी ड्युसेलडॉर्फला जायला तयार नाही. मधोमध असलेल्या डोर्मागेनला घर घ्यावे असे त्याने सुचवले, म्हणजे दोन्ही शहरांचे लोक आम्हाला परके मानतील. मी विचार करते असे सांगितले आहे. याचा अर्थ होकार नव्हे आणि नकारही नव्हे, तेव्हा काकूंना इतक्यात काहीही कळवू नये, आणि पत्रिका पाहून झाली असल्यास मला ती जुळल्याचे किंवा न जुळल्याचे सांगू नये.

आईने गुडघ्याचा व्यायाम सोडू नये. निखिलला अनेक आशीर्वाद.

तुमची,
अश्विनी

ता. क. मुलाच्या आईने विचारलेच, तर मी कोलोनला राहते असे सांगावे. ‘ड्युसेलडॉर्फजवळ’ असे सांगू नये.