जूनमध्ये नको, फेब्रुवारीत या

डब्लिन, नोव्हेंबर

प्रिय आई, बाबा,

परवा फोनवर बाबा म्हणाले की जूनचं तिकीट बघ, तोवर आंबा संपलेला असतो आणि तिकडे ऊनही असतं. सगळं पटतंय मला. तरी माझं म्हणणं आहे की जूनमध्ये नका येऊ, फेब्रुवारीत या, आणि ते का हे फोनवर सांगायला घेतलं की आई मध्येच जेवलीस का विचारते आणि मग राहूनच जातं, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

जून इथे छानच असतो, रात्री दहापर्यंत उजेड, बागा फुललेल्या, लोक गवतावर लोळत पडलेले. पण मला तुम्हाला जे पक्षी दाखवायचेत ते जूनमध्ये इथे नसतातच. तेव्हा खाडीतला चिखल जवळजवळ रिकामा असतो, बंदरात सुरय घरटी करतात तेवढंच, बाकीची सगळी मंडळी आइसलँडला नाहीतर त्याच्याही वर उत्तरेला गेलेली असतात.

गेल्या शनिवारी मी सकाळपासून चालत निघाले होते, घरापासून थेट समुद्रापर्यंत. इथे टोल्का नावाची एक छोटी नदी आहे, आपल्या काजळीच्या मानाने ओढाच म्हणा, ती ड्रमकॉन्ड्रामधून, घरांच्या मागून, ग्रिफिथ पार्कातून वाहत फेअरव्ह्यूला खाडीला मिळते. तिच्या काठाकाठाने निघालं की पक्षी कसे बदलत जातात ते दिसतं. पार्कात पाणी उथळ आणि दगडांवरून खळखळणारं, तिथे एका दगडावर शेपूट वरखाली करत राखी धोबी होता, हो, तोच जो थंडीत आपल्याकडे वहाळाच्या कडेला येतो, पिवळ्या पोटाचा. आणि पुढच्या पुलाखाली खंड्या! आपला छोटा निळा खंड्या, दुसरी कुठली जात नाही, अगदी तोच. पाण्यावरून सरळ रेषेत गेला आणि मी एकटीच मोठ्याने "खंड्या" म्हणाले, शेजारून कुत्रा घेऊन जाणाऱ्या आजींनी वळून बघितलं, मग मी त्यांना दाखवला आणि त्या पाच मिनिटं थांबल्या माझ्याबरोबर.

फेअरव्ह्यूला नदी रुंद होते, एका बाजूला रेल्वेचा पूल, ट्रॅफिक, आणि ओहोटी असली की मधे नुसता काळा चिखल. पहिल्यांदा बघणाऱ्याला घाण वाटेल. पण आई, तिथे कठड्याला टेकून जरा वेळ थांबलं की कळतं की अख्खा चिखल हलतोय. ब्लॅक-टेल्ड गॉडविट म्हणून एक लांब चोचीचा पक्षी असतो, तुझ्या मशीनची सुई चालते तशी त्याची चोच चिखलात वरखाली होत असते, मधेच थांबतो, डोकं जवळजवळ डोळ्यापर्यंत आत घालतो आणि एक किडा ओढून काढतो. चोचीचं टोकच तेवढं उघडता येतं त्याला, आतल्या आत, चिखलात असतानाच. मी हे दुर्बिणीशिवाय बघितलं, इतके जवळ असतात. शहरातले पक्षी माणसांना सरावलेले आहेत, दुसरीकडे हेच पक्षी दोनशे फुटांवरूनच उडतात.

आता बाबा, तुमचा भाग. चिखलातले पक्षी बघायचे तर भरतीचं गणित लागतं. ओहोटीला ते लांबवर पसरलेले असतात, पाणी चढायला लागलं की काठाकडे ढकलले जातात, म्हणून पूर्ण भरतीच्या दोनेक तास आधी जागेवर असायचं. इथले लोक अ‍ॅप बघतात. मी तुमचा हिशोब केला, तिथीची पाऊणपट. शनिवारी द्वितीया, म्हणजे दीडला भरती. आणि अ‍ॅपमध्येही साधारण तीच वेळ! मग घरी येऊन मी मागच्या तारखा ताडून बघितल्या तर अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे पण जमतंय, इथेही अमावस्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आतबाहेरच येते. रत्नागिरीच्या बंदरावरचा हिशोब डब्लिनच्या खाडीत लागू पडतो हे मी इथल्या दोघातिघांना सांगितलं, त्यांनी तिथी म्हणजे काय ते लिहून घेतलं. तुम्ही आलात की तुम्हीच समजावा, माझ्यापेक्षा नीट सांगाल.

फेअरव्ह्यूपासून पुढे क्लोन्टार्फचा समुद्रकाठ, तीनेक किलोमीटर सरळ फरसबंद रस्ता, चढ नाही उतार नाही, बाकडी आहेत, बाबांच्या गुडघ्याला काही त्रास नाही. पलीकडे बंदराच्या क्रेन आणि पूलबेगच्या वीजकेंद्राची दोन उंच धुराडी. काठावर सीगल, त्यातले बरेच भाट्याच्या किनाऱ्यावर थंडीत येतात तेच, डोळ्यामागे काळा ठिपका असलेले. लहान बगळापण आहे, तो आपल्याला रोजचा पण इथे नवा, आयर्लंडमध्ये त्याने पहिलं घरटं 1997 साली केलं, त्यामुळे जुने पक्षीवाले अजूनही बगळा दिसला की खूश होतात.

मग लाकडी पूल लागतो आणि पलीकडे बुल आयलंड. बाबा, हे बेट दोनशे वर्षांपूर्वी नव्हतं. लिफी नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा होता, जहाजं भरतीची वाट बघत बाहेर उभी राहायची. 1800 साली कॅप्टन ब्लायला सर्व्हेला आणलं, बाउंटी जहाजावर बंड झालं होतं तोच ब्लाय. शेवटी भिंत बांधली ती त्याच्या आराखड्याप्रमाणे नाही, पण 1825 च्या सुमारास उत्तरेकडची भिंत पुरी झाली. तिचा टोकाकडचा भाग मुद्दाम ठेंगणा ठेवलाय, भरतीला तो बुडतो, पाणी वरून मोकळं आत येतं, पण ओहोटी अर्ध्यावर आली की भिंत उघडी पडते आणि उरलेलं पाणी उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या अशा दोन भिंतींच्या मधूनच जोराने बाहेर पडतं आणि जाताना वाळू घेऊन जातं. ड्रेजर न लावता वाट खोल झाली! आणि ती वाळू भिंतीच्या उत्तरेला साठत साठत पाच किलोमीटर लांब बेट झालं. तुम्ही बंदर खात्यात आयुष्यभर गाळाशी भांडलात, तुम्हाला ही भिंत बघायलाच हवी, पक्षी राहू देत बाजूला.

बेट आणि शहर यांच्यामध्ये खारट गवताची दलदल आहे, भरतीला सगळे पक्षी तिथे येऊन बसतात. 1931 पासून ते अभयारण्य आहे, 1981 मध्ये युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्रांच्या यादीत गेलं, आणि हे राजधानीच्या शहरात, सिटी बस जाते. मी पोचले तेव्हा पाणी चढत होतं. तलवार बदक, थापट्या, चक्रांग, ही आपल्याकडेही येणारी बदकं, पण मी तिकडे असताना कधी बघितलीच नव्हती. कर्ल्यूचे आवाज, तो लांब वाकड्या चोचीचा पक्षी. कर्ल्यू हिवाळ्यात बरेच दिसतात म्हणून सगळं ठीक वाटतं, पण आयर्लंडमध्ये अंडी घालणारे कर्ल्यू 1980 च्या दशकापासून नव्वद टक्क्यांहून जास्त कमी झालेत, माळरानं आणि दलदली गेल्या, शेती बदलली. थंडीत येतात ते बहुतेक बाहेरचे. हे कळल्यापासून तो आवाज ऐकला की मला वाईट वाटतं, खरंच सांगते. आणि तेवढ्यात कुणीतरी कुत्रा मोकळा सोडला, अख्खा थवा उठला. भरतीच्या दोन-तीन तासांतच त्यांना विसावा मिळतो, बाकी वेळ खायचं असतं, दर वेळी उडवलं की तेवढी ताकद वाया. बोर्ड लावलेत, लोक वाचत नाहीत. मला फार राग येतो याचा.

पण ज्यांच्यासाठी मी फेब्रुवारी म्हणतेय ते ब्रेंट गीज. बदकापेक्षा थोडे मोठे, काळं डोकं, गळ्यावर पांढरी छोटी खूण. हे कॅनडाच्या अगदी वरच्या टोकाला, आर्क्टिकमध्ये जन्मतात, ग्रीनलँडचा बर्फ ओलांडून, आइसलँडला थांबून इथे येतात, चार हजार किलोमीटरच्या वर. सुरुवातीला खाडीतलं गवत खातात, ते संपलं की शहरात शिरतात, शाळेची मैदानं, पार्क, फुटबॉलचं ग्राउंड. फेब्रुवारीत सेंट अ‍ॅन्स पार्कात मुलं एका बाजूला खेळतात आणि दुसऱ्या बाजूला शेकड्यांनी गीज चरत असतात. त्या पार्काशेजारच्या मैदानावर फ्लॅट बांधायचे की नाही यावरून इथे कित्येक वर्षं कोर्टकचेरी चालली आणि त्यात गीज कुठे चरणार हा मोठा मुद्दा होता. आणि आईबाप पिल्लांना घेऊन सबंध हिवाळा एकत्र राहतात, पिल्लांच्या पंखांवर पांढऱ्या रेघा असतात त्यामुळे कुटुंब ओळखता येतं. शनिवारी माझ्यापासून दहा पावलांवर दोन मोठे आणि तीन रेघावाले चरत होते, एकाच्या पायात अक्षरं असलेली रंगीत अंगठी होती. ती मी कळवली तर उत्तर आलं की त्याला आइसलँडमध्ये अंगठी घातलेली, आणि आधीही इथेच दिसलाय. एप्रिलमध्ये हे सगळे जातात. मग जूनमध्ये तुम्हाला मी नुसतं गवत दाखवू का?

थंडीचं म्हणाल तर दिवसा आठ-नऊ डिग्री, वारा मात्र असतो. पावसाला घाबरू नका, इथे वर्षाचा पाऊस 750 मिलिमीटरच्या आसपास, आपल्याकडे एकट्या जुलैत त्याहून जास्त पडतो. एवढं सगळं चालायचंही नाही, क्लोन्टार्फपर्यंत ट्रेनने येऊ, काठाने हवं तेवढं चालू, सेंट अ‍ॅन्स पार्कातल्या जुन्या तबेल्यात कॅफे आहे तिथे चहा.

कलमांचं मला कळतंय बाबा. फेब्रुवारीत कणी धरलेली असते, तुडतुडा, फवारणी, तुमचा पाय निघत नाही तेव्हा बागेतून. म्हणूनच आत्ता नोव्हेंबरात लिहितेय, यंदाचं एक वर्ष कराराने द्या. पैसे कमी येतील, ते मी बघते. मागच्या वर्षी गुडघ्याचं निघालं, त्याच्या आधी डोळ्याचं, मला पुढच्या वर्षावर टाकायचं नाहीये. व्हिसाचा अर्ज जायच्या तारखेच्या तीन महिने आधी करता येतो, म्हणजे आता ठरवलं तर सगळं वेळेत होतं.

आई, तुझ्या चपला इथे चालणार नाहीत, बूट मी इथूनच घेते. कागदावर पाय ठेवून पेन्सिलने माप काढ आणि फोटो पाठव, जाड मोजे धरून थोडं मोठंच घेईन.

तुमची,
मनू