बुऱ्हाणुद्दीन गरीब मराठीत कधी बोलणार? सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

खुलताबादचं नाव निघालं की चर्चा एकाच थडग्यापाशी येऊन थांबते. मार्च २०२५ मध्ये तर ती कबर हटवण्याच्या मागणीवरून साऱ्या देशाचे कॅमेरे तिकडे वळले. पण औरंगजेबाला तिथेच का पुरलं, हे फारसं कुणी विचारलं नाही. सूफी संत शेख झैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारात आपली कबर असावी, ही त्याचीच इच्छा होती. झैनुद्दीन गेले १३६९ साली, औरंगजेब १७०७ साली. मधल्या तीन शतकांत या गावाला रौझा म्हणत आणि त्याची ओळख इथल्या सूफींमुळे होती.

त्यांत सगळ्यांत मोठं नाव झैनुद्दीन यांच्या गुरूंचं, शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं. त्यांचा जन्म हरियाणातल्या हान्सीचा, आणि दिल्लीत ते निझामुद्दीन औलियांचे शिष्य झाले. म्हातारपणी गुडघे दुखत म्हणून ते घोंगडीची घडी करून तिच्यावर बसत. कुणीतरी औलियांचे कान भरले, की हा आता स्वतःच गादी मांडून बसलाय. औलिया इतके रागावले की त्यांनी बुऱ्हाणुद्दीनना खानकाहमधून, म्हणजे सूफींच्या मठातून, जायला सांगितलं. शेवटी अमीर खुस्रो गळ्यात पगडी अडकवून, अपराध्यासारखे, औलियांपुढे उभे राहिले आणि मित्रासाठी क्षमा मागून घेतली. एवढ्या मोठ्या कवीने एका घोंगडीपायी गळ्यात पगडी घालावी, हे वाचून मला आजही भरून येतं.

मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीकरांना देवगिरीला हलवलं, त्या लोंढ्यात बुऱ्हाणुद्दीनही दख्खनेत आले. औलियांची वचनं लिहून ठेवणारे कवी अमीर हसन सिजझीही आले आणि खुलताबादच्याच मातीत विसावले. १३३७ मध्ये बुऱ्हाणुद्दीन गेले. पुढे फारुकी सुलतानांनी तापीकाठी शहर वसवलं, त्याला बुऱ्हाणुद्दीन यांचं नाव दिलं: बुऱ्हाणपूर. समोरच्या काठावर झैनुद्दीन यांच्या नावाने झैनाबाद वसलं. बुऱ्हाणुद्दीनना समा, म्हणजे भक्तिसंगीताची बैठक, प्राणप्रिय होती. झैनुद्दीन मोठे पंडित, त्यांना आधी हे पटत नसे. नंतर तेच बुऱ्हाणुद्दीन यांचे शिष्य झाले.

आता मुद्द्याचं. बुऱ्हाणुद्दीन यांची बोलणी त्यांच्या हयातीतच काशानी घराण्यातल्या भावांनी फारसीत टिपून ठेवायला घेतली. रुक्नुद्दीन यांचं ‘नफाइसुल अन्फास’ आणि हम्माद यांचं ‘अहसनुल अक्वाल’ हे त्यांतले प्रमुख ग्रंथ. ज्ञानेश्वरी लिहून झाली १२९० मध्ये. म्हणजे जेमतेम चाळीस वर्षांत, नेवाशापासून फार लांब नसलेल्या दौलताबादेत, एक म्हातारा सूफी शिष्यांना कसं वागावं ते सांगत होता आणि ते लिहिलं जात होतं. मराठी मुलुखात घडलेलं हे वाङ्मय आपल्या शाळा-कॉलेजांतून बहुतेकांच्या कानावरही पडत नाही. रुक्नुद्दीन यांचाच ‘शमाइलुल अतकिया’ सतराव्या शतकात मीराँ याकूब यांनी दख्खनी उर्दूत आणला. तेव्हा जे जमलं, ते अभिजात भाषेचा दर्जा मिळालेल्या मराठीला आज जड जाऊ नये.

म्हणून मागणी एकच. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ‘नफाइसुल अन्फास’ आणि ‘अहसनुल अक्वाल’ हे दोन ग्रंथ मूळ फारसीवरून, टीपांसह मराठीत काढावेत. इंग्रजीवरून नकोत; फारसी जाणणारा आणि मराठी लिहिणारा असे दोघे जोडीने बसवा. सेतुमाधवराव पगडींसारख्यांनी फारसी साधनं मराठीत आणली, त्यावर आपला इतिहास किती उभा आहे हे आपण जाणता. ती परंपरा माणसांअभावी थांबू नये, यासाठी विद्यापीठांत फारसी शिकणाऱ्या मराठी मुलांना शिष्यवृत्ती द्या.

आणि खुलताबादेत बुऱ्हाणुद्दीन आणि झैनुद्दीन यांच्या दोन्ही दर्ग्यांबाहेर मराठीत नीट माहितीफलक लावा, विश्वस्तांना विचारून. भद्रा मारुतीला पायी येणारे हजारो लोक त्याच गावात थांबतात, वेरूळचे प्रवासी तिथूनच जातात. त्यांना बादशहाची कबर कुठे ते कुणीही दाखवतं. बुऱ्हाणुद्दीन कोण होते, हे सांगणाऱ्या चार ओळी तरी तिथे असाव्यात.

येत्या अर्थसंकल्पात या कामासाठी तरतूद करावी आणि मराठी भाषा विभागामार्फत मंडळाला तसं कळवावं, ही विनंती.

आपला नम्र,
मराठवाड्यातील एक वाचक