ओरिजिनल म्हणून विकलेल्या इग्निशन कॉइल बनावट निघाल्याबद्दल तक्रार व रक्कम परत मिळण्याची मागणी

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन मोटार स्पेअर पार्ट विक्री विभाग

विषय: चार इग्निशन कॉइलचा संच सदोष व बनावट असल्याबाबत, तसेच ‘गाडी घरी दुरुस्त केली’ या कारणावरून वॉरंटी नाकारल्याबाबत. ऑर्डर क्रमांक व तारीख सोबतच्या बिलावर आहे.

महोदय/महोदया,

तुमच्या ॲपवरून मी १४,२०० रुपयांना चार इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारे पार्ट) मागवल्या. पानावर ‘१०० टक्के ओरिजिनल’ आणि ‘एक वर्ष वॉरंटी’ असं ठळक लिहिलेलं होतं. चारपैकी दोन कॉइल इंजिनावर जोर पडला की ठिणगी चुकवतात. तशी तक्रार केल्यावर तुमच्या माणसांनी ‘पार्ट अधिकृत गॅरेजमध्ये बसवलेला नाही, त्यामुळे वॉरंटी लागू होत नाही’ एवढं एक वाक्य लिहून तक्रार बंद केली. खराब माल एखाद्या वेळी कुणाकडूनही जातो, तेवढं मी समजून घेतलं असतं. पण ग्राहकानं पुराव्यानिशी दाखवलेला दोष न वाचताच त्याला दारातून परत पाठवायचं, हे मला मान्य नाही. म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे. कृपया ते गाड्यांचं इंजिन समजणाऱ्या माणसाकडे द्यावं.

माझी गाडी २०१७ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे. दोन लिटर टर्बो पेट्रोल इंजिन, २३० पीएस ताकद, ३५० न्यूटन मीटर टॉर्क आणि सहा गिअरचा डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). मी ती सेकंड हँड घेतली. भोसरीच्या एका कारखान्यात मी मशीनच्या मेंटेनन्सचं काम करतो, त्यामुळे पाना, मल्टिमीटर आणि सर्किटचा नकाशा हे माझं रोजचंच आहे. अशी गाडी जुनी घेतली की तिच्याकडे स्वतः बघावं लागतं. दर वेळी बोनेट उघडायला दुसऱ्याकडे जायचं म्हटलं तर नोकरदार माणसाला ती परवडत नाही. मी ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये सांभाळतो आणि मनापासून सांभाळतो.

मूळ कॉइलनं ८० हजार किलोमीटरच्या पुढे साथ दिली, त्यांच्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. मग गाडी ओव्हरटेकच्या वेळी मिस मारायला लागली. स्कॅनर लावला तर पी ०३०२ हा कोड आला, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर (पेट्रोल नीट न पेटणं). कोड कुठला सिलिंडर ते सांगतो, कुठला पार्ट ते सांगत नाही. कॉइल, प्लग, इंजेक्टर, वायरिंग, कॉम्प्रेशन यांपैकी काहीही असू शकतं. म्हणून मी दुसऱ्या सिलिंडरची कॉइल चौथ्यावर बसवली आणि बाकी कशालाही हात लावला नाही. कोड पुसून गाडी चढावर नेली. आता पी ०३०४ आला, मिसफायर कॉइलच्या मागोमाग चौथ्या सिलिंडरवर गेला. कॉइल परत जागेवर ठेवून तीच अदलाबदल प्लगची केली, तेव्हा दोष दुसऱ्यावरच राहिला. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घेतलं, आकडे एकसारखे होते. दोषी कॉइल सापडली. चारही एकाच वयाच्या, म्हणून चारही एकदम बदलायचं ठरवलं आणि तुमच्याकडे ऑर्डर दिली.

नव्या कॉइल बसवल्यावर गाडी पहिल्या चावीला सुरू झाली, आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) सुईसुद्धा हलली नाही. तुमच्या प्रतिनिधीनं चॅटमध्ये हेच धरून ठेवलं आहे: ‘बसवल्यावर गाडी चालू झाली ना, म्हणजे पार्ट चांगला आहे.’ यामागचं शास्त्र कृपया समजून घ्या. टर्बो इंजिनावर जोर पडला की सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबली जाते आणि ती दाबली गेल्यावर प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. कमजोर कॉइल आयडलला, सिग्नलला, गल्लीत बिनबोभाट चालते. ती उघडी पडते ती चढावर, पूर्ण भार असताना.

माझी कॉइल उघडी पडली खंबाटकी घाटात. सातारला निघालो होतो, पत्नी आणि मुलगी गाडीत होत्या. चढावर एका भरलेल्या ट्रकला ओलांडताना गाडीनं झटका दिला, चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला, पाठोपाठ ईपीसीचा (इंजिनाच्या ताकदीच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा) दिवा लागला आणि पिकअप गेला. या इंजिनात मिसफायर वाढला की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) त्या सिलिंडरचं पेट्रोल तोडतो. ते बरोबरच आहे, पण त्या क्षणी ट्रक डाव्या हाताला होता आणि मागून एक बस हॉर्न देत येत होती. मागच्या बसवाल्यानं वेळेवर ब्रेक मारला म्हणून आम्ही डावीकडे येऊ शकलो. हा प्रसंग तुमच्या तक्रार फॉर्मवर ‘परफॉर्मन्स इश्यू’ या खान्यात नोंदवला गेला आहे. तो सुरक्षेचा प्रश्न आहे आणि तसाच नोंदवला जावा.

घरी आल्यावर स्कॅन केला: पी ०३००, पी ०३०१, पी ०३०३. म्हणजे एकाहून जास्त सिलिंडरमध्ये मिसफायर, आणि ते पहिला आणि तिसरा सिलिंडर. जुन्या कॉइल असताना या दोन सिलिंडरनी कधी कुरकूर केली नव्हती.

त्यानंतरची तपासणी मी अशी केली की कुणालाही ती पुन्हा करून बघता यावी. तुमच्या चार कॉइलवर पांढऱ्या मार्करनं अ, ब, क, ड लिहिलं. पहिल्या तीन सिलिंडरवर माझ्या जुन्या, चांगल्या असलेल्या तीन कॉइल बसवल्या. चौथ्यावर तुमची एकेक कॉइल आळीपाळीनं लावली आणि प्रत्येक वेळी कात्रजच्या जुन्या घाटाच्या त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये गाडी नेली. माझी मुलगी पॉलिटेक्निकला आहे. ती शेजारी लॅपटॉप घेऊन बसली होती आणि प्रत्येक सिलिंडरचे मिसफायर काउंटर रेकॉर्ड करत होती. ‘ब’ आणि ‘ड’ लावल्यावर काउंटर शून्यावरच राहिले. ‘अ’ आणि ‘क’ लावल्या की चौथ्या सिलिंडरचा आकडा चढावर सरसर वाढायचा आणि उतारावर थांबायचा. ‘अ’ आणि ‘क’ याच कॉइल आधी पहिल्या व तिसऱ्या सिलिंडरवर होत्या. गाडी तीच, प्लग तोच, वायर तीच, पेट्रोलही तेच. बदलली ती फक्त कॉइल. या सगळ्याचे लॉग आणि व्हिडिओ मी तुम्हाला आधीच पाठवले आहेत, ते उघडल्याची खूण आजवर दिसत नाही.

मग मी चारही कॉइल काढून टेबलावर ठेवल्या आणि जुन्यांशी ताडून पाहिल्या. जुन्या कॉइलवरचा पार्ट नंबर लेसरनं कोरलेला आहे. तुमच्या कॉइलवरचा नंबर छापलेला आहे आणि थिनरचा बोळा फिरवताच निघून येतो. साच्याच्या जोडावर प्लास्टिकची धार राहिली आहे, बोटाला लागते. प्लगवर बसणारा रबरी बूट जुन्या कॉइलवर घट्ट बसतो, काढताना जोर लावावा लागतो. तुमच्या ‘क’ कॉइलचा बूट दोन बोटांनी निघून आला. वजन केलं तर चारही नव्या कॉइल जुन्यांपेक्षा हलक्या भरल्या आणि आपसातही सारख्या नाहीत. एकाच कारखान्यातल्या एकाच साच्याच्या मालात असा फरक पडत नाही, हे माझ्या रोजच्या कामावरून सांगतो.

खोक्यावर ‘मेड इन जर्मनी’ असं आहे, पण आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी यांतलं काहीच नाही. २०११ च्या पॅकेज्ड कमोडिटीज नियमांप्रमाणे आयात मालाच्या पाकिटावर हे छापावं लागतं. ज्या मालाला आयातदारच नाही तो जर्मनीहून तुमच्या गोदामात आला कसा, याचं उत्तर मला लेखी हवं आहे.

आता तुमच्या नकारांविषयी.

तुमच्या ‘टेक्निकल टीम’नं मल्टिमीटरनं प्रायमरीचे (कॉइलमधल्या पहिल्या गुंडाळीचे) ओहम मोजून पाठवायला सांगितलं. या कॉइलला चार पिना आहेत, कारण स्विचिंगचा ट्रान्झिस्टर कॉइलच्या आतच आहे. एका पिनेवर १२ व्होल्ट, एकीवर ईसीयूकडून येणारा सिग्नल आणि दोन पिना अर्थिंगच्या. बाहेरून ओहम मीटर लावून प्रायमरी गुंडाळीचं खरं रीडिंग मिळतच नाही. ते जुन्या दोन पिनांच्या कॉइलला चालतं. आपण विकतो तो पार्ट कसा चालतो हे टेक्निकल टीमला माहीत नसेल, तर तिनं ग्राहकाचा दावा फेटाळू नये.

दुसरं कारण दिलं की ‘परफॉर्मन्स गाडी आहे, रीमॅप केलेली असणार’. रीमॅप म्हणजे ताकद वाढवायला ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलणं. पण ‘असणार’ म्हणजे काय? माझ्या गाडीचा ईसीयू कंपनीच्या मूळ सॉफ्टवेअरवर आहे, त्याचा नंबर स्कॅन रिपोर्टमध्ये पहिल्याच पानावर छापलेला आहे. वेगवान गाडी चालवणारा प्रत्येक जण गाडीशी खेळ करतो, असं गृहीत धरून त्याला खोटं ठरवणं अपमानकारक आहे.

तिसरं कारण अधिकृत गॅरेजच्या बिलाचं. ही अट तुमच्या विक्रीच्या पानावर नव्हती. त्या दिवशीचा स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे. शिवाय कॉइल बदलणं हे काम असं: इंजिन थंड होऊ द्यायचं, वरचं कव्हर काढायचं, कनेक्टरचं लॉक सोडवायचं, कॉइलचा बोल्ट काढायचा, कॉइल सरळ वर ओढायची, नवी तशीच दाबून बसवायची. तुमच्याच ॲपवर हे काम ‘घरी करा, पैसे वाचवा’ असं सांगणारा व्हिडिओ आहे. विकताना ‘घरी करा’ म्हणायचं आणि वॉरंटी मागितली की ‘घरी का केलं’ विचारायचं, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. भारतीय स्पर्धा आयोगानं २०१४ साली १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड लावला, तो स्पेअर पार्ट आणि तपासणीची साधनं अधिकृत डीलरांपुरतीच अडवून ठेवल्याबद्दल. स्वतंत्र मेकॅनिककडे गेलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, हेही त्या आदेशात होतं. पुढे त्यावर अपिलं झाली. पण बाहेर काम करून घेणाऱ्या ग्राहकाची बाजू या देशात मोटार कंपन्यांसमोर मांडली गेली आणि ऐकली गेली. २०२२ च्या डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. तुम्ही तर सुटे पार्ट विकता. तुमचा धंदाच नाक्यावरच्या गॅरेजवाल्यांवर आणि माझ्यासारख्यांवर चालतो.

कायद्याची बाजूही स्पष्ट लिहितो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत देणं आणि एका महिन्यात तिचं निवारण करणं तुमच्यावर बंधनकारक आहे. माल सदोष किंवा बनावट असेल, किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये बनावट माल विकणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. ‘आम्ही फक्त प्लॅटफॉर्म आहोत, विक्रेता वेगळा आहे’ असं म्हणायचं असेल, तर त्या विक्रेत्याचं पूर्ण नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक मला पाठवा.

माझं म्हणणं इतकंच: १४,२०० रुपये आणि परत पाठवण्याचा खर्च माझ्या खात्यात जमा करावा. पूर्ण रक्कम हवी, ‘वॉलेट क्रेडिट’ नको. ‘ब’ आणि ‘ड’ आज चालताहेत म्हणून त्या ठेवून घ्या, असंही सुचवू नये. त्याच साच्यातल्या कॉइलवर मी पुन्हा घाट चढणार नाही. मिसफायरमध्ये न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा पार्ट) तापवतं, आणि चेक इंजिनचा लुकलुकणारा दिवा त्याचीच सूचना असते. माझ्या कन्व्हर्टरची तपासणी मी करून घेत आहे. तो खराब झाला असेल तर त्याची भरपाई वेगळी मागेन.

आणि हा लॉट विक्रीवरून ताबडतोब काढावा, तो घेतलेल्या सगळ्यांना कळवावं. हे मी पैशांपेक्षा वर ठेवतो. ज्यांच्याकडे स्कॅनर नाही ते गॅरेजमध्ये जातील, तिथे ‘कॉइल तर नव्या आहेत’ म्हणून प्लग बदलले जातील, मग इंजेक्टर, मग पंप, आणि त्यांचे हजारो रुपये जातील तरी दोष जागच्या जागी राहील. नवा पार्ट कुणी संशयाच्या यादीत धरत नाही. त्यामुळेच बनावट नवा पार्ट खराब जुन्यापेक्षा जास्त घातक आहे.

चारही कॉइल मार्करच्या खुणांसह माझ्याकडे पॅक करून ठेवल्या आहेत. तुमचा तंत्रज्ञ पुण्याला पाठवा, त्याच्या समोर त्याच चढावर त्याच क्रमानं तपासणी करून दाखवीन, हवं तर स्कॅनर त्याचा वापरू. तपासणी न करता कॉइल कुरिअरनं मागवल्या तर मात्र मी पाठवणार नाही, कारण पुरावा तोच आहे. या पत्राची पोच नियमात दिलेल्या मुदतीत आली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पुणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. कागद तयार आहेत.

सोबत बिल, विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट, दोन्ही वेळचे स्कॅन रिपोर्ट, मिसफायर काउंटरचे लॉग, कॉइलचे आणि खोक्याचे फोटो, तसंच तुमच्या प्रतिनिधींशी झालेलं संपूर्ण चॅट जोडलं आहे.

कळावे,
आपला ग्राहक
(सही)
पुणे