डांबरगोळ्या, कावीळ आणि आईला न सांगितलेली गोष्ट: नायजेरियाच्या आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्य व समाजकल्याण मंत्री,
नायजेरिया संघराज्य, अबुजा

महोदय, सविनय नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे रवाना केली आहे. मराठीतली ही लागोसमधल्या माझ्या मराठी मैत्रिणींसाठी आणि गावाकडच्यांसाठी, कारण विषय त्यांच्याही घरातला आहे. कपड्यांत ठेवायच्या डांबरगोळ्या.

आपल्या देशात थोरल्याची झबली-टोपडी धाकट्यासाठी जपून ठेवतात. चौकड्यांच्या 'घाना-मस्ट-गो' पिशवीत भरायची, चार पांढऱ्या गोळ्या टाकायच्या, चेन ओढायची. शेजारच्या फ्लॅटमधली मुलगी बाळंत होऊन घरी आली तेव्हा तिच्या आईने अशीच पिशवी माझ्यासमोर उघडली. वास थेट आमच्या कोल्हापूरच्या ट्रंकेचा! माझी उभी नोकरी नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात गेली, त्यामुळे झबलं बाळाच्या अंगात जायच्या आधीच मी हात पुढे केला. आजीबाई चिडल्या. चिडणारच की, त्यांची सगळी मुलं याच कपड्यांत वाढली होती.

आपल्याला हे ठाऊक असेलच, पण वाचकांसाठी सांगते. या गोळ्या नॅफ्थलीनच्या. बाजारात त्या 'कॅम्फर' म्हणजे कापूर म्हणून विकल्या जातात, त्यामुळे नॅफ्थलीन टाळा असं कुणी सांगितलं तरी बाईला आपल्या पिशवीतली गोळी डोळ्यांसमोर येत नाही. जी-सिक्स-पी-डी नावाचं एन्झाइम ज्या बाळात कमी असतं, त्याच्या तांबड्या पेशी या वासानेही फुटू लागतात. नायजेरियात मुलग्यांमध्ये ही कमतरता साधारण पाचात एकाला असते. पेशी फुटल्या की बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य रक्तात चढतं, कावीळ वाढते आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर ते मेंदूत उतरतं. त्यातून वाचलेलं मूल कित्येकदा बहिरं होतं, हातापायांवर ताबा राहत नाही. भारतात पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांतही ही कमतरता आढळते, तेव्हा मराठी वाचकांनीही ट्रंक उघडून बघावी.

आता माझा मुद्दा. नवजात बाळाची कावीळ बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी शिगेला पोहोचते. दवाखान्यातून मात्र आईला दुसऱ्याच दिवशी घरी पाठवतात. म्हणजे बाळ पिवळं पडतं तेव्हा जवळ ना नर्स असते ना डॉक्टर. आई असते आणि आजी असते. त्यातून 2018च्या राष्ट्रीय पाहणीत दवाखान्यात झालेली बाळंतपणं जेमतेम 39 टक्के होती, बाकीच्यांना तर डिस्चार्जसुद्धा नाही. ही कावीळ ओळखायचं काम शेवटी आईच्याच पदरात पडणार असेल, तर ते तिला शिकवायला नको का?

शिकवल्याने फरक पडतो, आणि याचा पुरावा आपल्याच देशातला आहे. नायजेरियातल्या इस्पितळांत आयांना कावीळ समजावून सांगितली, तेव्हा मेंदूला इजा झालेल्या अवस्थेत येणाऱ्या बाळांचं प्रमाण घटलं. हा अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला.

इथल्या एका सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांच्या तपासणीच्या दिवशी मी जाऊन बसले होते. सकाळी आधी गाणं आणि टाळ्या, मग सुईणीचं 'हेल्थ टॉक'. काय सुंदर बोलत होती ती बाई! अर्धं पिजिन म्हणजे इथली बोलीतली इंग्रजी, अर्धं योरुबा. रक्तस्राव, डोकेदुखी, पायावरची सूज, सगळं नकला करून. शेवटी बाळंतपणाला आणायच्या सामानाची यादी. काविळीपर्यंत पोहोचायच्या आत तिला आतून हाक आली, कारण आत एकच नर्स होती. मातामृत्यूंवर आपला भर आहे तो योग्यच. 2023च्या अंदाजाप्रमाणे जगातल्या मातामृत्यूंपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त एकट्या नायजेरियात होतात. पण बाळाची वेळ आली की बोलणं संपतं, हे मी तिथे पाहिलं.

घरी मग काय होतं? कोवळ्या उन्हात बाळ धरतात, ग्लुकोजचं पाणी पाजतात, मेडिकलमधून अँपिक्लॉक्स या अँटिबायोटिकचे थेंब आणतात. यातल्या कशानेच बिलिरुबिन पुरेसं उतरत नाही आणि दिवस मात्र जातात. उन्हाचा विचार अगदीच खुळा नाही म्हणा. घातक किरण आणि उष्णता अडवणारी फिल्म लावलेल्या मांडवाखाली, नर्सच्या नजरेसमोर, उन्हानेच उपचार करून लागोसमध्ये पाहिले गेले आणि ते नेहमीच्या फोटोथेरपीइतकेच, म्हणजे दिव्याखालच्या उपचाराइतकेच, लागू पडले (2015). जिथे वीज दिवसातून दहादा जाते तिथे ही सोय जिल्ह्याजिल्ह्यात का नाही, हेही एकदा विचारून ठेवते.

फेब्रुवारी 2024मध्ये नर्सिंग कौन्सिलने नियम काढला की परदेशी जायचं तर आधी दोन वर्षं इथे काम करा. नर्सेस रस्त्यावर उतरल्या. मला त्यांचंच पटतं. दारात आडवं पडून माणूस थांबेलही, पण ज्या पाळीत एकीला तिघींचं काम पडतं, त्या पाळीत ती आईशी पाच मिनिटं बोलणार कधी? पगार, राहायची सोय आणि जोडीला माणूस द्या, मग अटी घाला.

माझी मागणी लहान आहे. काविळीबद्दल आईशी बोलणं हे इंजेक्शनसारखंच नोंदीचं काम धरा. रजिस्टरमध्ये त्याचा रकाना असावा आणि त्यापुढे सही झाल्याशिवाय डिस्चार्ज होऊ नये. बोलणं हौसा, योरुबा, इग्बो, पिजिन, जी चालेल त्या भाषेत. दिवसाच्या उजेडात बाळाचं नाक किंवा हिरडी बोटाने दाबून पिवळेपणा कसा बघायचा हे आईच्या हाताने करून घ्यावं. बाळ अंगावर पीत नसेल, ढिलं पडलं असेल, किंचाळून रडत असेल किंवा पाठ कमानीसारखी ताणत असेल तर सकाळची वाट बघू नका, हे सांगावं. आणि आजीला बाहेर बाकावर बसवू नका. इग्बो घरांत ओमुग्वोला, म्हणजे बाळंतिणीची काळजी घ्यायला, आलेली आजीच बाळाला न्हाऊ घालते, आमच्या मराठी घरांतल्या माहेरच्या बाळंतपणासारखीच. तिला आत बोलवा, तिच्या देखत सांगा. घरी बाळंत होणाऱ्यांसाठी हेच गावातल्या सुईणींना शिकवावं लागेल आणि रेडिओवर लावावं लागेल.

आणि गोळ्यांच्या पाकिटावर बाळाचं चित्र, त्यावर लाल फुली. हे काम औषध व अन्न नियंत्रकांचं आहे असं उत्तर येईल, तर हे पत्र कृपया त्यांच्याकडे धाडावे आणि तसं कळवावे.

आपली,
लागोसमध्ये राहणारी एक निवृत्त नर्सिंग शिक्षिका