गुरुवारचा मोफत दवाखाना: मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मोफत दवाखान्यासाठी तीन डॉक्टर तयार आहेत, चर्चचं तळघर मिळतंय, गुरुवारची संध्याकाळ ठरली, मग आता राहिलं काय, असं तू विचारतोस. राहिलंय ते बहुतेक डॉक्टरांच्या कामाबाहेरचं आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी येणार कोण ते बघ. अमेरिकेच्या २०१० च्या आरोग्य कायद्यात दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत कमाई असलेल्या प्रौढांना मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, मिळायचं होतं. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते राज्यांच्या मर्जीवर सोडलं आणि तुमच्या टेक्सासने नकार दिला. २०२५ साली एकट्या माणसाची दारिद्र्यरेषा होती १५,६५० डॉलर. मूलबाळ नसलेला आणि वर्षाला १४,००० कमावणारा माणूस घे. मेडिकेड त्याला नाही. विम्यावरची सबसिडी साधारणपणे त्या रेषेच्या वर सुरू होते, म्हणून तीही नाही. कमाई फार कमी म्हणून मदत नाही, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरंच वाटत नाही. तुमचे बरेच पेशंट हेच असतील. शिवाय देशात राहण्याची कागदपत्रं नसलेले असतील, आणि आपल्या लोकांचे इकडे आलेले आईवडीलही. त्यांच्याकडे व्हिजिटर इन्शुरन्स असतो, पण जुना मधुमेह आणि जुनं बीपी त्यात बहुधा धरत नाहीत. त्यांना बघायचं की नाही, याचा नियम आधीच लिहून ठेवा. दारात माणूस उभा असताना असा निर्णय नीट होत नाही.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न असेल, 'माझ्यावर दावा ठोकला तर?' एफटीसीए, म्हणजे नुकसानभरपाईच्या दाव्यांच्या केंद्रीय कायद्याखाली मोफत दवाखान्याच्या स्वयंसेवकांना केंद्र सरकारचं संरक्षण मिळतं, पण अटी कडक आहेत. पेशंटकडून फी घ्यायची नाही, विमा कंपनीला किंवा सरकारी योजनेला बिल लावायचं नाही. स्वखुशीने दिलेली देणगी चालते. मात्र देणगीची पेटी काउंटरवर अशी मांडू नका की ती फीसारखी वाटेल. प्रत्येक डॉक्टरचं लायसन्स तपासल्याचे कागद लागतात, पेशंटला तपासण्याआधी लेखी सूचना द्यावी लागते, आणि अर्ज दवाखान्याने एचआरएसए या केंद्रीय आरोग्य खात्याच्या संस्थेकडे दरवर्षी करायचा असतो. मंजुरीच्या आधी झालेलं काम त्यात येत नाही. त्यामुळे मंजुरीचा कागद हातात आल्याशिवाय उद्घाटनाची तारीख छापू नका.

बोटातून साखर तपासायची, लघवीत पट्टी बुडवायची, एवढ्यालासुद्धा क्लियाचं, म्हणजे प्रयोगशाळांच्या केंद्रीय नियमांखालचं, साध्या तपासण्यांसाठीचं वेव्हर सर्टिफिकेट लागतं. ते दोन वर्षांचं असतं, आणि नूतनीकरण विसरणारे कमी नाहीत.

आता हिशेब. तीनपैकी दोन डॉक्टर दर वेळी येतील असं धर. तीन तासांचे दोघांचे मिळून ३६० मिनिटं. नव्या पेशंटला ४० मिनिटं, जुन्याला २०. चार नवे घेतले तर १६० गेली, उरल्या वेळात दहा जुने. वर्षाला ५० गुरुवार म्हणजे २०० नवे पेशंट आणि जुन्यांसाठी ५०० जागा. त्या २०० पैकी १५० जण मधुमेह किंवा बीपीचे निघाले आणि त्यांना दर तीन महिन्यांनी बोलवायचं म्हटलं, तर ६०० फेऱ्या झाल्या. म्हणजे दुसऱ्या वर्षीही चार-चार नवे घेत राहिलात, तर पहिल्या वर्षीच्या पेशंटनाच १०० जागा कमी पडून दवाखाना तुंबला. पहिल्या वर्षी गर्दी बघून सगळे खूश असतात, आणि याच खुशीत नव्यांची संख्या वाढवतात. तसं करू नका. नवे दोनच घ्या, आणि बीपीची नुसती तपासणी नर्सकडे द्या.

ती तपासणीही नीट शिकवावी लागते. पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीला, आणि मोजताना बोलायचं नाही. जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी खोटंच जास्त दिसतं आणि एक गोळी उगाच वाढते. पट्ट्याचे तीन मापं तरी ठेवा.

सगळ्यात मोठं भगदाड दोन गुरुवारांच्या मध्ये असतं. गुरुवारी घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट शुक्रवारी येतो, पोटॅशियम सहाच्या वर, म्हणजे हृदयाला धोका, आणि दवाखान्याला कुलूप. म्हणून लॅबला दवाखान्याचा नंबर देऊ नका. त्या आठवड्याच्या जबाबदार डॉक्टरचा मोबाइल द्या. एक वही ठेवा, साधी कागदाची चालेल: तपासणी कोणती, पाठवली कधी, रिपोर्ट कधी आला, कोणी बघितला, पेशंटला कोणी कळवलं. शेवटचा रकाना रिकामा असेल तर ते काम झालेलं नाही असंच समजायचं. पेशंटचे फोन नंबर वारंवार बदलतात, म्हणून दर वेळी नंबर पुन्हा विचारा, आणि नातेवाइकाचाही एक घ्या.

औषधांचं म्हणशील तर कंपन्यांचे प्रतिनिधी महागड्या ब्रँडची सॅम्पल्स देतील. त्यावर पेशंट लावलात तर दोन महिन्यांनी सॅम्पल संपतं आणि माणूस मधेच लटकतो. वॉलमार्टने २००६ साली चार डॉलरची जेनेरिक यादी आणली. मधुमेहाचं मेटफॉर्मिन, बीपीचं लिसिनोप्रिल यांसारखी औषधं अशा स्वस्त यादीतूनच द्या. महाग औषध लागलंच तर कंपनीच्या मदत योजनेचा अर्ज करायचा. त्याला उत्पन्नाचा पुरावा आणि डॉक्टरची सही लागते, औषध यायला आठवडे जातात, आणि मंजुरी बहुधा वर्षभराचीच असते. हे काम एका माणसाच्या गळ्यात घाला. तो डॉक्टर नसला तरी चालेल, चिवट हवा. इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायचं. फ्रिजरच्या कप्प्याला टेकून गोठलं तर फेकून द्यायचं. फोडलेली बाटली बाहेर साधारण २८ दिवस चालते, म्हणून फोडल्याची तारीख बाटलीवरच लिहायला सांगा. गुंगीची, वेदनाशामक नियंत्रित औषधं अजिबात ठेवू नका आणि तशी पाटी दारावर लावा.

तुमच्या आवाक्याबाहेरचा पेशंट इमर्जन्सीत पाठवावा लागेल. १९८६ च्या कायद्याने तिथे पैसे नसले तरी तपासून स्थिर करावंच लागतं, पण बिल येतंच. ते बघून लोक पुन्हा दवाखान्याचं तोंड बघत नाहीत. ना-नफा हॉस्पिटलांना आर्थिक मदतीचं धोरण ठेवणं बंधनकारक आहे, आणि डिस्चार्जनंतरच्या पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत आलेला अर्ज त्यांना घ्यावा लागतो. जवळच्या हॉस्पिटलांचे ते फॉर्म छापून ठेवा आणि पेशंट पाठवतानाच हातात द्या.

दुभाष्याचं काम पेशंटच्या मुलांकडून करून घेऊ नका. दहा वर्षांची मुलगी आईच्या पाळीबद्दल काय सांगणार? फोनवरचा दुभाषी घ्या, आणि शेवटी 'कळलं का?' असं न विचारता 'गोळी कशी घेणार ते सांगा' म्हणा. तळघरात मोबाइलला रेंज येते का, ते मात्र जागा पक्की करायच्या आधी बघ.

घरी सगळ्यांना नमस्कार.

तुझा मित्र