डफ पॅडवर घ्यायचाय, वाजवणारे कुठे आहेत ते सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की कॉम्प्युटरच्या गाण्यांनी खान्देशातले वाजवणारे संपवले, आता पोरं नुसती बटनं दाबतात. पत्र मनापासून लिहिलेलं होतं आणि त्यातलं दुःख खरं आहे, लग्नातला बँड कमी झाला आणि डीजेची गाडी आली हे आम्हीपण बघतोच आहोत. पण बटन दाबणं वेगळं आणि मशिनच्या पॅडवर बोटांनी ताल वाजवणं वेगळं, आणि मी दीड वर्षापासून हे दुसरं ऑनलाइन कोर्सवर शिकतेय म्हणून लिहावंसं वाटलं.

मी अमळनेरची, जिनिंगमध्ये हिशेबाचं काम करते. कापसाच्या सीझनला घरी यायलाच आठ वाजतात, मग स्वयंपाक, पोरांचं जेवण, आणि साडेनऊनंतरचा तास-सव्वा तास माझा. लहानपणी आमच्याकडे तबल्याचे सर यायचे ते भावासाठी, मी दाराशी बसून ऐकायचे, बोल सगळे पाठ पण तबल्याला हात लावायचा नाही, मुलीने गाणं शिकावं वाजवू नये असं घरात म्हणायचे. भावाने दोन वर्षांत सोडून दिलं, माझ्या डोक्यात ते बोल तसेच राहिले. नंतर एकदा मोबाइलवर एक जण सोळा रबरी चौकोनांवर नुसत्या बोटांनी अख्खा ड्रमसेट वाजवताना दिसला आणि मला वाटलं, हे तर मला येईल, आणि इथे नको म्हणणारं कोणी नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चार ओळीत चार असे सोळा पॅड असतात, ते लॅपटॉपला वायरने जोडायचे, प्रत्येक पॅडला एक आवाज द्यायचा आणि बोटांनी वाजवायचं, याला फिंगर ड्रमिंग म्हणतात. ही सोळा पॅडची मांडणी रुळली ती एमपीसी ६० या मशिनपासून, रॉजर लिन यांनी अकाई कंपनीसाठी बनवलेलं ते १९८८ मध्ये आलं. प्रत्येक ठोक्याचा जोर मशिन १ ते १२७ अशा आकड्यात मोजतं, हळू मारलं तर हळूच वाजतं. म्हणजे हात कच्चा असेल तर तो कच्चाच ऐकू येतो, लपत नाही.

पहिला महिना मी फक्त एकच गोष्ट केली, उजवा डावा उजवा उजवा, डावा उजवा डावा डावा, मेट्रोनोम, म्हणजे टकटक करून लय देणारं यंत्र, मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून, आधी टेबलाच्या कडेवर आणि मग पॅडवर. डावा हात मागे राहायचा, अनामिका तर उठायचीच नाही, आठ दिवस मनगट दुखलं तेव्हा कळलं की मी खांद्यातून जोर लावतेय, तो बोटातून यायला पाहिजे. रात्री पोरं झोपलेली असायची म्हणून पॅडखाली टॉवेलची घडी, कानाला हेडफोन. (हेडफोन वायरवालाच घ्या, ब्लूटूथवर आवाज इतका उशिरा येतो की माणसाला वाटतं आपल्यालाच ताल नाही, मी तीन आठवडे असेच रडत घालवले.) रेकॉर्ड केलेला ठोका चुकला तर मशिन तो ओढून बरोबर मात्रेवर बसवू शकतं, क्वांटाइझ म्हणतात त्याला, पण माझ्या कोर्समध्ये पहिल्याच धड्यात ते बंद करायला लावलं. डेट्रॉइटचा हिपहॉप संगीतकार जे डिला हेच बंद ठेवून वाजवायचा यासाठी नावाजला गेला, त्याचे ठोके किंचित पुढेमागे पडायचे आणि त्यातच गोडी होती, त्याचं मशिन आज अमेरिकेत स्मिथसोनियनच्या म्युझियममध्ये ठेवलंय. वाजवणारा संपला असता तर मशिन कशाला जपून ठेवलं असतं?

कोर्सवाल्यांच्या बाबतीत मात्र सांगणं आहे. एका ॲपवर मी मेंबरशिप बंद केली तरी पुढचे दोन महिने पैसे कटत राहिले, मेलला उत्तर नाही, शेवटी बँकेत जाऊन थांबवावं लागलं, तेव्हा आधी फुकटचे धडे पूर्ण करा आणि मगच पैसे भरा. आणि सगळं इंग्रजीत. मला हिशेबाच्या कामापुरतं इंग्रजी येतं, मी धडा थांबवून थांबवून वहीत मराठीत लिहून घेते, पण बोटांत ताल असलेली कितीतरी पोरं पारोळ्याला, साक्रीला, शहाद्याला असतील जी पहिल्या पाच मिनिटांतच बंद करून टाकत असतील, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरं म्हणजे तिथे सगळं एक दोन तीन चार, एक दोन तीन चार. सहा मात्रांचा दादरा मला माझा मीच बसवावा लागला. डाव्या हाताच्या बोटाखाली गे, उजव्याखाली ना, आणि दोन्ही एकदम मारले की धा, अगदी तबल्यात होतो तसाच. ज्या दिवशी धा धी ना, धा ती ना न अडखळता दहा मिनिटं वाजलं त्या दिवशी मी हेडफोन काढून पोरांना उठवलं आणि ऐकवलं, रात्रीचे अकरा वाजले होते. गे ची घुमणारी मींड, म्हणजे सूर घसरवत नेणं, अजून निघत नाही, तबल्यावर ती मनगट दाबून काढतात, पॅड दाबून तसं करता येतं म्हणे पण माझ्या साध्या पॅडला ती सोय नाही.

आता मुद्द्याचं. तबला, ढोलक यांचे आवाज तयार मिळतात. आपला डफ, वहीगायनात म्हणजे खान्देशी लोकगायनात वाजतो तो, मला कुठेच मिळाला नाही, संबळ मिळाला पण एकाच जोराचा एकच ठोका, सारखा वाजवला की पत्र्यावर दगड पडल्यासारखा वाटतो. म्हणून मागच्या श्रावणात कानबाई, ही आपली खान्देशातली देवी, बसली तेव्हा माहेरच्या गावी आमच्या नानांकडे गेले, ते आमच्या भावकीतले, वय सत्तरच्या पुढे, डफ त्यांच्या वडिलांचा. पावसाळी हवेने कातडं सैल झालेलं, त्यांनी काड्या पेटवून डफ शेकला, बोटाने टकटक करून बघितलं, परत शेकला, असं तीनदा. मी म्हटलं नाना एक एक ठोका मारा, आधी हळू, मग मध्यम, मग जोरात, आणि प्रत्येक पाच-पाच वेळा, कारण माणसाचे दोन ठोके कधी सारखे नसतात आणि पॅडवरही ते बदलत राहायला पाहिजेत. बाहेर पाऊस, मध्येच कोंबडा, तरी मोबाइलवर साठेक ठोके मिळाले. मग मी लॅपटॉप उघडून ते पॅडवर लावले आणि त्यांच्यासमोर वाजवले. ते आधी म्हणाले, हाई काय शे पोरी? मी सांगितलं की आवाज तुमचा आहे, मशिनने फक्त ठेवून घेतलाय. थोडा वेळ माझ्या बोटांकडे बघत बसले आणि म्हणाले, हात तं तुनाच शे ना, म्हणजे हात तर तुझाच आहे ना. मग माझी लय चुकत होती तिथे मांडीवर थाप मारून दाखवत राहिले, तासभर. दीड वर्षाच्या कोर्समध्ये मला असं कोणी शिकवलं नव्हतं.

त्या ठोक्यांवर आईच्या आवाजातलं आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, एक गाणं मी बसवलंय, दोन मिनिटांचं, माझं स्वतःचं पहिलं.

पत्र लिहिणाऱ्या काकांना माझी विनंती आहे, तुम्हाला जे वाजवणारे आठवतात ते कुठे आहेत सांगा. आणि संपादक साहेब, यंदा कानबाईच्या वेळी आपण पुरवणी काढणार असाल तर कोणत्या गावात कोण डफ, संबळ, सातपुड्यात कोण फुंकून वाजवायची पावरी आणि मोठा ढोल वाजवतं हे वाचकांकडून मागवून छापा. मला रविवारी सुट्टी असते, एसटीने येईन, चांगला माइक मी आता घेतलाय. वाजवणाऱ्याला विचारून, त्याच्या वेळेचे पैसे देऊन आणि आवाजासोबत त्याचं नाव लिहूनच रेकॉर्ड करीन, ते आवाज नंतर कोणालाही फुकट देईन, आणि जोडीला मराठीत आणि जमलं तर अहिराणीत पहिले दहा धडे करून टाकीन, पोरांना कळेल असे. फक्त लवकर कळवा, भर पावसात डफ शेकण्यातच अर्धा दिवस जातो.

आपली,
एक वाचक, अमळनेर