सहा डोकी, एक इन्व्हर्टर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेअर बाजारात कोणाचे पैसे बुडाल्याची बातमी आपल्या अंकात आली की तिच्या शेवटी ठरलेला सल्ला असतोच. लोभ धरू नका, अभ्यास करा, अनोळखी लिंक उघडू नका. सल्ला खोटा नाही. पण पैसे जात होते तेव्हा त्या माणसाच्या शेजारी कोण बसलं होतं, हे कोणी विचारत नाही. बहुतेक वेळा कोणीच नसतं. मला त्याबद्दल लिहायचं आहे.

मी नागपुरात, प्रतापनगरात राहते. चौदा वर्षं घरी शिकवण्या घेतल्या. २०२० मध्ये त्या बंद पडल्या आणि रिकाम्या दुपारी मोबाईलवर डिमॅट खातं उघडलं. तेव्हा अशी घाई मला एकटीलाच नव्हती. मार्च २०२० मध्ये देशात चार कोटींच्या आसपास डिमॅट खाती होती, मार्च २०२४ मध्ये ती पंधरा कोटींच्या वर गेली. पहिली दोन वर्षं मी एकटीच सौदे करायचे. नफा झाला की जेवताना सगळ्यांना सांगायचं, तोटा झाला की त्या दिवशी वरणात मीठ जास्त पडायचं. घरच्यांना मिठावरूनच कळायला लागलं होतं.

आमचा गट जमला तो मैत्रीतून वगैरे नाही, इन्व्हर्टरमुळे. मे महिना, पंचेचाळीसच्या घरातलं ऊन, बाजार सुरू झालेला आणि लाईट गेलेली. शेजारचे बँकेतून निवृत्त झालेले काका लॅपटॉप काखेत मारून दारात उभे राहिले. "वहिनी, तुमच्याकडे लाईट आहे ना? माझा सौदा अडकून पडला." ते आले ते रोजच येऊ लागले. मग त्यांच्यामागून आणखी चौघं. शिकवणीच्या खोलीतले बाक मी विकले नव्हते, ते कामी आले. आज आम्ही सहा जण आहोत. सर्वांत धाकटा सव्वीस वर्षांचा, मानेवाड्याचा. सर्वांत मोठे डीलरकाका, ज्यांनी इतवारीत एका सबब्रोकरच्या, म्हणजे छोट्या शेअर दलालाच्या, गाळ्यात वीस वर्षं सौदे टाकायचं टर्मिनल चालवलं.

डीलरकाकांकडून ऐकलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्या काळी सौदा टाकायला गाळ्यात यावं लागे. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पंधरावीस जण स्क्रीनकडे बघत बसलेले. एखाद्याचं नुकसान झालं आणि तो रागारागाने दुप्पट माल मागू लागला, की काका म्हणत, "आधी सगळ्यांसाठी चहा सांगून ये, मग टाकतो." टपरी जिना उतरून, रस्ता ओलांडून. जाऊन येईपर्यंत दहा मिनिटं जात आणि दहातले सात जण परत येऊन गप्प बसत. काकांना ही काही मोठी युक्ती वाटत नाही. "माल विकला गेला असता तर माझंच कमिशन वाढलं असतं," असं ते वर हसून सांगतात. आता ॲपवर बोट टेकवलं की सौदा झाला. ॲप कोणालाच चहाला पाठवत नाही. काही ब्रोकरांनी 'किल स्विच' दिला आहे, तो दाबला की त्या दिवसापुरते सौदे बंद होतात. चांगली सोय आहे. पण तो दाबायचा कोणी, तर ज्याचं डोकं आधीच फिरलेलं आहे त्यानेच.

आमच्या खोलीत म्हणून काही गोष्टी ठरल्या. सकाळी सव्वानऊच्या आत प्रत्येकाने आजचा जास्तीत जास्त तोटा किती, तो आकडा वहीत लिहायचा आणि शेजाऱ्याला दाखवायचा. आकडा गाठला की शेजारी म्हणणार, "ऊठ." उठायचं. वाद घालायचा नाही, पाणी भरायचं, भाजी आणायची, काहीही. पैसे एकत्र करायचे नाहीत, दुसऱ्याच्या लॉगिनमधून सौदा करायचा नाही, ओटीपी तर सख्ख्या भावालाही नाही. आणि 'काय घेऊ?' हा प्रश्न खोलीत चालत नाही. 'का घेतलंस?' चालतो.

हे वाचून आमचं फार छान चाललं आहे असं वाटेल, म्हणून ४ जून २०२४ बद्दल लिहिते.

१ जूनच्या संध्याकाळी लोकसभेचे एक्झिट पोल आले. ३ तारखेला, सोमवारी बाजार तीन टक्क्यांहून अधिक वर गेला, निफ्टी, म्हणजे पन्नास मोठ्या शेअरांचा निर्देशांक, २३,२६३ वर बंद झाला. त्या दिवशी आमच्या खोलीत पेढे आले होते. सहा डोकी आणि सहाही जणांचं मत एकच. मीही बँक निफ्टीचे कॉल, म्हणजे बँकांचे शेअर वर जातील यावर लावलेले करार, घेऊन बसले होते. एकाने जरी 'उलटं झालं तर?' म्हटलं असतं तर आम्ही त्याला हसलो असतो. दुसऱ्या दिवशी मतमोजणी सुरू झाली आणि दुपारी निफ्टी २१,२८१ पर्यंत खाली आला. बंद झाला २१,८८४ वर, म्हणजे एका दिवसात जवळजवळ सहा टक्के खाली. धाकट्याने २२,८०० चे पुट विकले होते, म्हणजे निफ्टी त्याखाली जाणार नाही यावर पैसे लावले होते, सहा लॉट. तोट्याचा आकडा त्याने सकाळी लिहिला होता, वीस हजार. "ऊठ" म्हणायचं काम माझं होतं आणि मी माझ्याच स्क्रीनमध्ये तोंड घालून बसले होते. "काकू, वापस येईन ना मार्केट? येऊन राहिलं पाहा," असं तो तीनदा म्हणाला. मी मान डोलावली, ते मला अजून आठवतं. त्याने बरोबर तळाशी, तोटा घेऊन सौदा कापला. सव्वादोन लाख गेले. बेस्यातल्या फ्लॅटच्या डाऊन पेमेंटसाठी बाजूला ठेवलेले.

एकजुटीचं कौतुक करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं. सगळे मिळून एकाच बाजूला झुकले तर त्या गटाचा कळप होतो, आणि कळपात माणूस एकट्यापेक्षा जास्त बेफिकीर असतो. त्या आठवड्यानंतर आम्ही पाळी लावली. शिकवणीच्या काळातली टेबलावरची घंटी ज्याच्यापुढे असेल, त्याने त्या दिवशी प्रत्येक सौद्यात खोट काढायची. तिचं नाव अर्थातच नकारघंटा. पाळी डीलरकाकांची असली की कोणाचाच सौदा होत नाही.

धाकटा पुढचे चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी डीलरकाका आणि मी मानेवाड्याला गेलो. त्याने घरी सांगितलं नव्हतं. आमच्यासमोर, खाली मान घालून, बापाला सांगितलं. त्यांनी पंखा एक घर वाढवला आणि एवढंच विचारलं, "उधारीचे तर नाहीत?" नव्हते. मग आम्हाला चहा झाला.

त्याला आम्ही पैसे दिले नाहीत. दुसरी मदत केली. बँकवाल्या काकांनी तीन रविवार बसून त्याचे सगळे सौदे कागदावर उतरवले आणि त्याला आयकराचं विवरणपत्र भरायला लावलं. कित्येकांना ठाऊकच नसतं की फ्युचर्स-ऑप्शन्समधला, म्हणजे या कॉल-पुटसारख्या करारांमधला, तोटा व्यवसायातला तोटा धरला जातो आणि विवरणपत्र मुदतीत भरलं तर पुढची आठ वर्षं व्यवसायाच्या नफ्यातून तो वजा करता येतो. पण लाजेपायी पोरं तोट्याचा कागदच करत नाहीत. नफा असता तर पहिल्या दिवशी सीएकडे धावले असते.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सेबीचा, म्हणजे शेअर बाजाराच्या सरकारी नियामकाचा, अभ्यास प्रसिद्ध झाला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात, मिळून १.८ लाख कोटींहून अधिक. मी तो खोलीत मोठ्याने वाचला. डीलरकाका म्हणाले, "म्हणजे आपण काही वेगळे नाही." त्यानंतर नियम कडक झाले, कराराचा आकार वाढला, आठवड्याच्या एक्सपायऱ्या, म्हणजे करार संपायचे दिवस, कमी झाल्या. तरी २०२४-२५ मध्येही ९१ टक्के तोट्यातच होते. आता निफ्टीची एक्सपायरी मंगळवारी असते. त्या दिवशी मी स्वयंपाक सकाळी आठलाच उरकते, फोडणीचा आवाजसुद्धा खोलीत नको वाटतो. आमच्यातल्या तिघांनी ऑप्शन्स सोडून दिले, ते आता नुसते शेअर घेऊन ठेवतात आणि तरीही रोज येतात. धाकटा त्यातला एक. वहीत दुसऱ्याचा आकडा बघायचं काम त्याच्याइतकं चोख कोणी करत नाही.

'शुअर शॉट कॉल', म्हणजे हमखास नफ्याच्या टिपा, विकणाऱ्या टोळ्यांनाही लोक गट म्हणतात, म्हणून फरक सांगते. तिथे नफ्याचे स्क्रीनशॉट असतात आणि तोटा कोणाचाच नसतो. सल्ला विकणाऱ्याची सेबीकडे नोंदणी आहे का, हे सेबीच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत बघता येतं. तेवढंही बघितलं जात नाही.

आता मागणं. नागपुरात स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. त्यांच्यातल्या एखादीने आठवड्यातून एक संध्याकाळ, बाजार बंद झाल्यावर, अशा लोकांना बसायला जागा द्यावी. टिपा द्यायला नाही, वही उघडायला. आणि आपल्याकडून इतकंच, की अर्थविषयक पानावर 'हा शेअर कुठवर जाईल' हे छापता, तिथे आठवड्याला एक चौकोन वाचकाच्या तोट्यासाठी ठेवावा. सौदा काय होता, का केला, कुठे चुकलं. नाव छापू नका.

पहिल्या आठवड्याला मजकूर कमी पडला तर माझं पान तयार आहे. ४ जून २०२४, बँक निफ्टीचे कॉल, तोटा एकोणीस हजार चारशे. कारणाच्या रकान्यात मी त्या दिवशी 'सगळे म्हणत होते' असं लिहिलं आहे, ते तसंच छापलं तरी चालेल.

आपली,
एक वाचक,
प्रतापनगर, नागपूर